‘सीम लागतंय की, मालक!’

टॅब घ्यायचाय म्हणता? घ्या की. फक्त तो कुठं अन् कशासाठी वापरायचा, याचा विचार करत बसू नका. विचार केला की माणूस प्रश्न विचारतो, अन् प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक कुणाला आवडतंय? मी मागच्या आठवड्यात परभणीत अजिबात डोकं न लावता पोरीसाठी 17 हजारांचा टॅब घेतला. तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.

सल्ला मात्र गावभर विचारा. हिंजवडीतला भाचा म्हणेल, “मामा, आयपॅडच घ्या, दुसरं बघूच नका.” त्याला सोयाबीनचा भाव सांगू नका, उगं त्याचं तोंड उतरतं. साडू म्हणेल, आमच्या बारक्यानं ऑनलाइन सेलमधून निम्म्या किमतीत आणला. तो टॅब सध्या कुठं आहे, हे साडूला विचारायचं नसतं.

रॅम, म्हणजे टॅबला काम करताना लागणारी मेमरी, बघताना बेरीज बघा. खोक्यावर ‘4+4 जीबी’ लिहिलेलं असतं, म्हणजे 8 झाली! त्यातली दुसरी 4 ही रॅम नसतेच, टॅबच्या स्टोरेजमधली जागा उसनी घेऊन रॅम म्हणून मिरवलेली असते. कणगीतलं पायलीभर धान्य डब्यात ओतायचं अन् दोन्हीकडं मोजायचं, असा तो हिशेब. पण आकडा कसा भरल्यासारखा दिसतो.

कॅमेरा किती मेगापिक्सेल, हे नक्की विचारा. लग्नात नवरदेवापुढं टॅब उंच धरून शूटिंग करणारे काका कमी पडायलेत.

अँड्रॉइड कितवं आहे अन् अपडेट किती वर्षं येणार, हे विचारू नका. काउंटरवरचा पोरगा बावरतो.

खोक्यावर ‘फास्ट चार्जिंग’ वाचून खूश व्हा, आतला चार्जर 10 वॅटचा निघाला तरी. 8000 एमएएचची बॅटरी त्यावर भरायला साडेतीन-चार तास लागतात. आपल्याकडं सलग चार तास लाईट असतेच की!

पक्कं बिल मागू नका. “पक्क्या बिलाला वरून 18 टक्के पडतील, मालक,” असं ऐकलं की मान डोलवा. एमआरपीत सगळे कर आधीच धरलेले असतात, हे त्यालाही माहीत असतं.

आता सीम. या मुद्द्यावर मी सध्या परभणी जिल्ह्यातला जाणकार आहे.

पोरगी लातूरला, ट्यूशन एरियात होस्टेलवर. तिथं वायफाय आहे. म्हणजे भिंतीवर तसा कागद आहे. तीन मजल्यांना मिळून एक डबा, अन् रात्री नऊला सगळ्या पोरी क्लासचे व्हिडिओ उघडून बसल्या की त्यात बिचाऱ्यानं तरी काय करावं? म्हणून मी दुकानात एकच, आयुष्यातला एकमेव शहाणा प्रश्न विचारला, “याला सीम लागतंय ना?”

“लागतंय की, मालक!” म्हणत त्यानं खोक्यातली पिन काढली, कडेच्या भोकात खुपसली, इवलासा ट्रे बाहेर ओढला अन् माझ्या नाकासमोर धरला. “हे बघा घर.” मी पण चष्मा वर करून बघितलं. घर होतं. चहा आला, पैसे गेले.

त्या ट्रेमध्ये मेमरी कार्ड बसतं. फक्त मेमरी कार्ड! ते असतं 15 बाय 11 मिलिमीटर अन् नॅनो सीम 12.3 बाय 8.8. सीम त्यात सैल बसतं, पण बसतं. पोरीनं बसवलं, ट्रे आत ढकलला. नेटवर्क येईना. ट्रे ओढला तर तो रिकामाच आला.

“पप्पा, सीम चालायलंच नाही. अन् आता निघायलं पण नाही.”

दुकानात गेलो. तेच काउंटर, तोच पोरगा. “मी कार्ड म्हणलो होतो, मालक. मेमरी कार्ड.” परत घ्या म्हणलं, तर सील फुटलंय. बदलून द्या म्हणलं, तर आमच्या हातात काही नाही, कंपनीच्या सेंटरला दाखवा. सेंटर कुठं? संभाजीनगरला. रेल्वेनं पावणेदोनशे किलोमीटर, एक दिवसाची रजा, अन् तिथं गेल्यावर म्हणणार, हे वॉरंटीत बसत नाही. अरे, चहा पाजताना सगळं तुझ्याच हातात होतं की!

2011 साली सरकारनं मोठा गाजावाजा करून ‘आकाश’ टॅबलेट काढला होता. 7 इंची, 256 एमबी रॅम, नेट फक्त वायफायवर. तेव्हाही कुणी विचारलं नाही की खेड्यातल्या पोरानं वायफाय आणायचं कुठून. आजही कुणी विचारत नाही. अन् दुकानदार ‘मोबाईलवरून हॉटस्पॉट घ्या ना’ म्हणतात. होस्टेलवर मोबाईल जमा करून घेतात, बाबांनो! म्हणून तर टॅब घेतला!

बरं, दुकानदाराला किती शिव्या द्यायच्या? आपण काय कमी आहोत? बैल घेताना दात बघतो, चार पावलं चालवून बघतो. सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी घेताना लॉट नंबर वाचतो. अन् 17 हजारांची वस्तू घेताना “चांगला दाखवा” म्हणून हात बांधून उभे राहतो, मी पण त्यातलाच. खोकं उलटं करून वाचायला काय झालं होतं? ज्याला सीम लागतं त्या टॅबच्या खोक्यावर 15 आकडी आयएमईआय नंबर छापलेला असतो. नुसत्या वायफायच्या टॅबला तो नसतो, फक्त सीरियल नंबर असतो. संपलं. एवढं बघायला इंजिनिअर लागत नाही. सील फोडायच्या आधी बघा, नाही तर गप घरी या.

अन् दुकानदारांनो, माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. जीभ झडत नाही. सीमवाला टॅब अडीच हजारांनी महाग होता, मी दिले असते.

सध्या पोरगी रात्री मेसच्या काकूंच्या मोबाईलवरून हॉटस्पॉट घेते. त्या दहाला झोपतात. सीम अजून टॅबच्या आतच आहे, हलवला की वाजतं.