नायिकेचा राग कुठे जातो? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की आपल्या मालिकांत नायिकेला रडायची पूर्ण मोकळीक आहे, स्वतःसाठी चिडायची मात्र नाही. त्यावर तुम्ही लिहिलंत की घराघरांत बायका रडतातच, मालिका तेच दाखवतात. मराठी बाई मुळातच सोशिक. ‘आई कुठे काय करते!’मधल्या अरुंधतीने कितीतरी जणींना बळ दिलं, तुमच्या सासूबाईंनाही. आणि माझ्यासारख्यांना मालिका बघणाऱ्या बायकाच खालच्या वाटतात, म्हणून आम्ही नाकं मुरडतो. शेवटी तुम्ही विचारलंत, “मग तुम्हाला नक्की हवंय तरी काय?”

नाकं मुरडण्याचा आरोप मला लागला, त्यामुळे आधी तेच. मी मालिका बघत आले आहे, आवडीने. १९९९ साली अल्फा टीव्ही मराठीवर ‘आभाळमाया’ सुरू झाली तेव्हापासून. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी कॉलेजात शिकवणारी बाई होती. नवऱ्याचं दुसरीकडे गुंतणं तिच्या वाट्याला आलं तेव्हा तीही रडली, पण ती विचार करतानाही दिसायची. पुढे ‘वादळवाट’मध्ये अदिती सारंगधरची वकील रमा चौधरी आली. तिला राग यायचा आणि त्या रागाला घराबाहेर, तिच्या कामात जागा होती. हे सगळं मी आपल्याच टीव्हीवर पाहिलं आहे. म्हणून तर आज ते कमी का झालं, असं विचारावंसं वाटतं. जी गोष्ट खालची वाटते तिच्यावर कोणी एवढं लिहीत बसत नाही.

आता अरुंधती. तिच्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यातलं बरंचसं मला मान्य आहे. २०१९च्या डिसेंबरात सुरू झालेली ही मालिका जवळजवळ पाच वर्षं चालली. मूळ कथा बंगालीतल्या ‘श्रीमोयी’ची, त्याच कथेवरून हिंदीत ‘अनुपमा’ झाली. संसाराची पंचविशी झाल्यावर नवऱ्याचं प्रकरण कळलेली गृहिणी घटस्फोट घेते, गाण्याकडे वळते, पुढे आशुतोषशी लग्न करते, आणि हे सगळं घरातली म्हातारी माणसं टीव्हीसमोर बसून बघतात. ही लहान गोष्ट नाही. मधुराणी प्रभुलकरांनी ती भूमिका फार समजून केली. न बोलता घोट गिळणं त्यांनी ज्या बारकाईने दाखवलं, ते बघून माझाही घसा दाटला आहे.

पण घटस्फोटानंतरची अरुंधती आठवून पाहा. देशमुखांच्या घरात, म्हणजे आधीच्या सासरी, काही बिनसलं की ती पुन्हा तिथे. मुलांचे संसार, सासऱ्यांची तब्येत, सासूचं मन, सगळ्यात ती. तिचा आवाज चढला तेव्हा तो बहुतेक वेळा कुणासाठी तरी चढला: मुलीसाठी, सुनेसाठी, सासऱ्यांसाठी म्हणजे आप्पांसाठी. ज्या माणसाने तिची पंचवीस वर्षं गृहीत धरली त्याच्यावर केवळ स्वतःसाठी, कोणाच्याही भल्याचं निमित्त न शोधता, दिवसचे दिवस चिडलेली अरुंधती किती वेळा दिसली? चिडलीच तर त्याच भागात ती समजूतदार होऊन जायची, आणि ‘तिचं मन किती मोठं’ असं दुसरं कुणीतरी म्हणायचं.

आणि संजना, अरुंधतीच्या नवऱ्याच्या आयुष्यातली ती दुसरी बाई? नोकरी करणारी, बढती हवी असणारी, अरुंधतीचा नवरा अनिरुद्ध हवा असणारी, घरात आपलं स्थान हवं असणारी. तिला जे हवं ते ती मोठ्याने मागायची आणि नाही मिळालं की भडकायची. एका बाईच्या मनात जे सगळं एकत्र नांदतं, त्यातलं दुःख आणि क्षमा मालिकेने नायिकेला दिली, इच्छा आणि राग दुसरीला दिला, आणि त्या दुसरीकडे रागाने बघायला आपल्याला शिकवलं. या मालिकेने निदान पुढे संजनालाही अनिरुद्धचा तोच स्वभाव भोगायला लावला आणि तिच्या दुःखाला जागा दिली. बाकी बहुतेक ठिकाणी खलनायिकेला तेवढंही मिळत नाही. तिच्या वाट्याला वर चढलेली भुवई आणि कर्कश पार्श्वसंगीत येतं, बस.

‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका वेगळी होती, हे कुणी म्हणेल तर मी लगेच मान्य करीन. अनिता दातेने तिला नागपुरी ठसका दिला, नवऱ्याला धडा शिकवायची परवानगी तिला होती, मसाल्यांचा धंदा तिने उभा केला. तिथेही तिची ताकद बराच काळ नवऱ्याला परत मिळवण्यात गेली आणि नवऱ्याच्या प्रेयसीला, शनायाला, स्वयंपाक येत नाही यावर आपण हसत राहिलो.

हे असं का होतं? माझ्या मते यामागे लेखकांच्या वाईट हेतूपेक्षा मालिका बनवण्याची रीत जास्त आहे. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटांचा भाग, आठवड्यातले पाच-सहा दिवस, आणि शेवट कधी हे कुणालाच माहीत नाही. टीआरपी टिकला तर वर्षानुवर्षं. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून अधिक भाग. एवढं अंतर कापायचं तर कथेला अशी भावना लागते जी कितीही ताणली तरी काही बदलत नाही. दुःख तसं आहे. रडणारा चेहरा क्लोजअपमध्ये धरा, मग खोलीतल्या प्रत्येकाचा रिअॅक्शन शॉट घ्या, मग पुन्हा तोच चेहरा. दोन मिनिटं सरली आणि कथा जिथे होती तिथेच राहिली. रागाचं तसं नाही. बाई खरोखर चिडली की तिला पुढे काहीतरी करावं लागतं: घर सोडावं लागतं, पैशांचा हिशेब मागावा लागतो, बोलणं तोडावं लागतं. तिने एकदा तसं केलं की महिनोन्महिने चालवायचा ट्रॅक आठवड्यात संपतो. म्हणून नायिका चिडायच्या बेतात आली की तिला चक्कर येते, दिवस गेल्याचं कळतं, नाहीतर नेमका त्याच दिवशी घरात सण असतो.

ज्या मालिकांना आपला शेवट ठाऊक असतो त्यांचं बघा. २०१२ची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ आठवते? मुक्ता बर्वेची राधा कुरकुरते, खोड्या काढते, हट्ट करते, प्रेमात पडल्यावर स्वतःवरच वैतागते. एवढ्या छटा तिला मिळाल्या कारण गोष्ट कुठेतरी पोचणार होती.

‘मराठी बाई मुळातच सोशिक’ हे तुमचं वाक्य मात्र मला अजिबात पटत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी १९८०च्या दशकापासून गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा करवल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. त्यांत माया आहे, भक्ती आहे, भावाची ओढ आहे. आणि सासरच्या जाचाबद्दलची चीड, नवऱ्याला मारलेले टोमणे, बाईच्या जन्माबद्दलची थेट तक्रारही आहे. भोंडल्याची गाणी घ्या. कारल्याच्या वेलाचं निमित्त करून सुनेचं माहेरपण पुढे पुढे ढकलणाऱ्या सासूची सगळ्या पोरी फेर धरून खुशाल थट्टा करतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी पहाटेच्या अंधारात जे बोलून टाकलं, ते आजच्या पदवीधर नायिकेच्या तोंडी का येत नाही?

तुमच्या सासूबाईंना अरुंधतीने बळ दिलं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी ग्रामीण भारतात केबल टीव्ही पोचल्यावर काय झालं हे तपासलं होतं. त्यात गोव्यातली गावंही होती. २००९ साली छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा की केबल आल्यावर बायकोला मारणं योग्य आहे असं मानणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा आग्रह ओसरला आणि बायकांची स्वतःच्या निर्णयांवरची पकड वाढली. हा पुरावा तुमच्या बाजूचा आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण पडद्यात एवढी ताकद असेल तर तिथे काय दाखवलं जात नाही, यालाही तेवढंच वजन आहे.

‘हम लोग’चं उदाहरण मला इथे फार महत्त्वाचं वाटतं. १९८४ साली दूरदर्शनने ती मालिका समाजशिक्षणाच्या हेतूने आणली. त्यातली भागवंती, सगळं निमूट सोसणारी आई, बाईने असं राहू नये हे दाखवायला उभी केली होती. अशोक कुमार प्रत्येक भागाच्या शेवटी येऊन समजावूनही सांगायचे. तरीही संशोधकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा अनेकांना, बायकांनाही, भागवंतीच आदर्श वाटली होती. सोसणारी बाई रोज डोळ्यांसमोर राहिली की प्रेक्षक तिच्यावर माया करतात, आणि ती माया हळूहळू तिच्या सोसण्यालाही मिळते. प्रेक्षक बायकांना मी बोल लावत नाही. ज्या बाईने स्वतः तेच भोगलंय ती तिच्यावर माया करणारच. म्हणूनच लिहिणाऱ्यावर जबाबदारी जास्त येते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, मला काय हवंय. रडू नको, असं मी म्हणत नाही. मला एक संध्याकाळ हवी आहे, ज्यात नायिका फक्त स्वतःसाठी चिडलेली आहे. तिची झोप, तिचा पगार, तिने सोडलेलं शिक्षण, तिला न विचारता बोलावलेले पाहुणे, यातल्या कशावरूनही. ती बोलत असताना कॅमेरा तिच्यावर राहू दे, मध्येच कुणाला छातीत दुखू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा ट्रे घेऊन तिने माफी मागू नये. आणि पुढच्या आठवड्यात त्या घरात काहीतरी बदललेलं दिसावं: पाहुण्यांना बोलावण्याआधी तिला कुणीतरी विचारावं, तिच्या पगाराचा हिशेब तिच्याकडे असावा, आणि संध्याकाळी ती अभ्यासाला बसलेली असताना पोळ्या दुसऱ्या कुणीतरी लाटाव्यात.