एकूण ९० गुण, गणितात कितीही

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हावे लागणार आहे. तेव्हापासून महाराष्ट्रात एकच वाद पेटला आहे: वीस-वीस वर्षे शिकवलेल्यांची आता परीक्षा कशाला? तक्रार समजण्यासारखी आहे. पण ही परीक्षा नेमके काय तपासते, हे कोणीच विचारत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातून पाहताना ते फार खटकतं, कारण हाच घोळ इथेही होता.

पहिली ते पाचवीसाठीच्या पेपर एकमध्ये १५० गुणांचे १५० प्रश्न असतात. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. खुल्या गटाला ९० गुण पुरतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि विषयवार किमान गुणांची अट नाही. गणिताची तीसही उत्तरं अंदाजाने रंगवली तरी चार पर्यायांमुळे सरासरी सात-आठ गुण पडतात. राहिलेले ८२-८३ इतर १२० मधून काढायचे. भाषा पक्की आणि पाठांतर चांगलं असेल तर ते जमतं. पुढे शिक्षक भरतीच्या ‘टेट’ या वेगळ्या चाचणीत अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता तपासतात, त्यामुळे ही उणीव तिथेही झाकलेली राहू शकते. मग पाचवीच्या वर्गात अपूर्णांक आले की ती उघडी पडते, आणि भोगतात मुलं.

मॅसॅच्युसेट्समध्येही पूर्वी गणित सामान्य पेपरातच मिसळलेलं होतं. गणिताचे सगळे प्रश्न चुकूनही शिकवण्याचा परवाना मिळू शकत असे. २००९ मध्ये गणिताचा भाग स्वतंत्र केला आणि पहिल्या फेरीत जेमतेम २७ टक्के उमेदवार उत्तीर्ण झाले. ओरड झाली. काही काळ थोड्या कमी गुणांवर परवाना दिला, पण ठराविक मुदतीत उत्तीर्ण होण्याइतके गुण मिळवण्याच्या अटीवर. वेगळा पेपर मात्र मागे घेतला नाही.

इथलं सगळंच उचलावं असं मुळीच नाही. दर प्रयत्नाला भरावी लागणारी भरमसाट फी तर नकोच. पण गणितात आणि परिसर अभ्यासात ३० पैकी किमान १५ गुणांची अट घालावी; नुसत्या अंदाजाने १५ गाठणं जवळपास अशक्य आहे. एका विषयात राहिलेल्याला तेवढाच विषय पुन्हा देता यावा. प्रश्नही बदलायला हवेत. एखादा मुलगा ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं म्हणतो, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. त्याची चूक ओळखून ती दुरुस्त करणारं पुढचं उदाहरण निवडायला सांगावं. नुसती आकडेमोड येणाऱ्याला हे जमत नाही, आणि शिक्षकाला रोज हेच करावं लागतं.

आणखी एक. इथे कोणत्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेचे किती उमेदवार कुठल्या पेपरात उत्तीर्ण झाले, हे जाहीर होतं. टीईटी घेणाऱ्या पुण्याच्या परीक्षा परिषदेनेही डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षक पदविका) विद्यालयांनुसार विषयवार निकाल द्यावा, म्हणजे गणित नेमकं कुठे कच्चं राहतंय ते दिसेल.