माझी आजी नुसती कष्टाळू नव्हती

गेल्या महिन्यात आजीचे वर्षश्राद्ध झाले. तेराव्याला जी भाषणे झाली होती, जवळपास तीच या वेळी पुन्हा ऐकली. कष्टाळू होती, सोशिक होती, सगळ्यांना धरून राहिली. बोलणाऱ्यांची माया खरी होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण ऐकता ऐकता मनात आले की हे शब्द गावातल्या कुठल्याही म्हातारीच्या फोटोखाली लावता येतील, आणि आमच्या दावणीला आयुष्यभर राबलेल्या बैलालाही ते शोभतील. आजी कष्टाळू होती हे खरेच आहे. ती कलावंत होती असे मात्र एकानेही म्हटले नाही, कारण आमच्या घरात कुणाला तसे कधी वाटलेच नाही. मलाही वाटले नव्हते, हे आधी कबूल करतो.

आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातले, पावसाने कायम हात आखडता घेतलेले. आजीच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९३८ अशी आहे. तिच्या पिढीतल्या निम्म्या माणदेशाचा जन्म कागदोपत्री १ जानेवारीलाच झालेला असावा. ती शाळेत गेली नाही. पुढे आत्याने तिला नाव लिहायला शिकवले, तेव्हा ती ‘सही करते’ असे न म्हणता ‘सही काढते’ म्हणायची, रांगोळी काढावी तशी. तिच्या हातच्या हुलग्याच्या माडग्याबद्दल इथे लिहीत नाही. आजीवर लिहायला बसले की लोक स्वयंपाकघरातून बाहेरच येत नाहीत.

लिहायचे आहे ते वाकळेबद्दल, म्हणजे जुन्या कापडांच्या गोधडीबद्दल. उन्हाळ्यात शेतातली कामे उरकली की आजी अंगण सारवून घ्यायची, ते वाळले की त्यावर जुने नऊवारी लुगडे ताणून अंथरायची, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायची, मग जुन्या धोतरांचे आणि लुगड्यांचे थर देऊन वर ठिगळांची मांडणी करायची. शिवण कडेने सुरू होई आणि फेर धरत आत आत जाई. धावदोरा इतका सारखा असे की वाकळ उलटी केली तरी ओळी मोजता येत. पण शिवण हा सरावाचा भाग झाला. खरे काम मांडणीचे होते, आणि ते चालू असताना तिला हाक मारलेली खपत नसे. दोन-दोन दिवस ठिगळे नुसती मांडलेली असत; ती उंबऱ्यावर बसून त्यांच्याकडे बघे, उठून एक उचले, दुसरीकडे ठेवी, पुन्हा येऊन बसे. आम्हा पोरांना वाटे, म्हातारी दमली आहे.

या सगळ्याला घरात ‘काटकसर’ म्हणत. चिंधीसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही, असा आजीचा लौकिक होता. तो चुकीचा आहे आणि त्याचा पुरावा माझ्यापाशी आहे. माझ्या चुलत्यांचा जांभळा टेरिकॉटचा शर्ट, कुठेही न विरलेला, नुसता आखूड झाला म्हणून तिच्याकडे आला. तिने तो दोनदा मांडून पाहिला आणि बाजूला टाकला. का म्हणून विचारले तर म्हणाली, “लई बोलतो ह्यो रंग. शेजारच्याला बोलू देत न्हाई.” त्या शर्टाची शेवटी पुसणी झाली. नुसती काटकसर करणारी बाई धडधाकट कापड टाकून देऊन विरलेल्या इरकलीचा काठ निवडणार नाही. तिथे डोळा काम करत होता, आणि त्या डोळ्याला नकार देता येत होता. शेजारणी आपापली गाठोडी घेऊन वाकळ शिवायला यायच्या, त्यांच्याही कापडातले काही ती तोंडावर परत करायची. त्यावरून रुसवेफुगवे झालेले मी पाहिले आहेत.

१९७२ च्या दुष्काळातली एक वाकळ अजून घरात आहे. त्या साली आजी-आजोबा दोघेही सरकारी कामावर खडी फोडायला जात होते. रेशनवर मिळणारी लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुखडी यांवर घर चालले, हे आम्ही असंख्य वेळा ऐकले आहे आणि भाषणांतही ते आलेच. वाकळ मात्र कुणाच्या बोलण्यात आली नाही. त्या वर्षी घरात चिंध्यासुद्धा नव्हत्या, त्यामुळे ती जवळजवळ सगळी मळकट पांढरी आहे, आणि मध्याजवळ, नेमक्या मध्यापासून चार बोटे सरकवून, एक लाल चौकट आहे. रस्त्याच्या कामावर लावायच्या लाल निशाणाचे ते फाटके फडके होते. काम बंद झाल्यावर तिने मुकादमाकडून मागून आणले. आत्याने एकदा तिला विचारले, हे मध्येच कशाला लावलेस? आजीचे उत्तर: “वाट बंद हाय म्हणून दिसभर बोंबलत हुतं त्ये. आता पडूं दे गप अंगाखाली.” या उत्तरावर घरात हशा होतो आणि विषय संपतो. ज्या बाईच्या पोटात अन्न नव्हते, तिने हातात आलेला एकुलता एक रंग कुठे ठेवावा याचा विचार केला आणि तो बरोबर मध्यावर ठेवायचा नाही असे ठरवले, हे माझ्या लक्षात यायला मला चाळिशी गाठावी लागली. आता शहरातल्या प्रदर्शनांत हाताने शिवलेली गोधडी भिंतीवर टांगतात आणि तिला कला म्हणतात. म्हणोत बापडे. पण ती शिवणारीचे नाव तिथेही क्वचितच दिसते.

वाकळ निदान उरली. तिच्या ओव्यांचे तसे झाले नाही. पहाटे जात्यावर बसली की ती गायची, आणि त्यांतल्या बऱ्याच तिच्या स्वतःच्या असाव्यात, कारण त्यांत आमच्या विहिरीचे, आमच्या खोंडाचे, आजोबांच्या रागाचे उल्लेख असत. गावात विजेची गिरणी आली, जाते परड्यात पालथे पडले आणि ओवी म्हणायचा प्रसंगच गेला. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या, त्या मुळात टिकल्या कारण मुलगा सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी त्या वेळोवेळी कागदावर उतरवून ठेवल्या होत्या. गी पॉइटेविन आणि हेमा राईरकर या संशोधकांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या आज ऐकता येतात. आमच्या घरात लिहिता येणारी सात माणसे होती. सोसायटीचे हप्ते, दुधाचा रतीब, बाजाराचा हिशेब, सगळे वहीत आहे. ओवी एकही नाही. आजीने कधी मागणी केली नाही, असे यावर सांगितले जाते. तिने काय मागायचे होते? माझे गाणे उतरवून घ्या म्हणून?

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी आई आणि आत्याला समोरासमोर बसवले आणि आठवतील तेवढ्या ओव्या लिहून घेतल्या. संध्याकाळपर्यंत सदतीस झाल्या. त्यांतल्या एकीवरून दोघींचे चांगलेच वाजले. आत्या म्हणाली,

पहाटंच्या पारी बाई, जातं घुमतं घराला
लेक माझी गाती, सूर पुरतो शिवाराला

आईने तिला तिथेच अडवले. ‘लेक’ नाही, ‘सून’. सून माझी गाती. आत्या म्हणाली, “वहिनी, माझ्या आईची ओवी मला म्हाईत न्हाई व्हय?” आई म्हणाली, “तुमचं लगीन झाल्यावर तेरा वर्सं जात्याच्या दुसऱ्या अंगाला मीच हुते की.” दोघी हट्टाला पेटल्या, मग बराच वेळ गप्प बसल्या, आणि मग आईने पदर डोळ्यांना लावला. मी दोन्ही ओव्या लिहिल्या आहेत. वहीत आता अडतीस आहेत.