जड चिप म्हणजे चांगली चिप नव्हे

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तीन गटांतून आला. एकदा आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या गल्लीच्या गटावर, एकदा माहेरच्या आणि एकदा बडोद्याच्या मावसबहिणीकडून. मजकूर चिप्सबद्दल, म्हणजे पोकर या पत्त्यांच्या खेळात डाव लावायला पैशांऐवजी वापरतात त्या चकत्यांबद्दल. थोडक्यात असा: ‘घरी पोकर खेळायचं तर अस्सल कॅसिनो चिप्स घ्या. ओळख सोपी आहे. चिप १४ ग्रॅमची हवी, जितकी जड तितकी उत्तम. डब्यावर क्ले लिहिलेलं पाहा. सिरॅमिक घेऊ नका, पडली की फुटते. ५०० चा सेट घ्या, पाच रंगांच्या शंभर-शंभर. आणि चिप्सवर खेळलात की पैशांचा खेळ होत नाही, त्यामुळे कायद्याची भीती नाही.’

मी उत्तर लिहिते आहे कारण चार वर्षांपूर्वी मी नेमका असाच सल्ला ऐकून सेट आणला होता. आमच्याकडे दर शनिवारी संध्याकाळी सात-आठ जण जमतात. माझे सासरे, अण्णा, त्यांत सगळ्यांत मोठे. मेंढीकोट आणि रमीत त्यांचं आयुष्य गेलं, पोकर ते सत्तरीनंतर शिकले आणि आम्हां सगळ्यांपेक्षा चांगलं शिकले. त्यांची बोटं सांध्यांनी आखडलेली आहेत. नव्या जड, गुळगुळीत चिप्सची चवड त्यांच्या हातून दोन शनिवार सारखी पडत राहिली. तिसऱ्या शनिवारी ते ‘तुम्ही खेळा’ म्हणून आत जाऊन बसले. तेव्हापासून चिप या वस्तूकडे मी नीट बघायला लागले.

चौदा ग्रॅमचा दावा आधी घेते, कारण बाकीचा मजकूर त्याच्यावरच उभा आहे. अमेरिकेतल्या कॅसिनोंत वर्षानुवर्षं फिरणाऱ्या क्ले, म्हणजे मातीच्या मिश्रणाच्या, चिप्स साधारण साडेआठ ते साडेदहा ग्रॅमच्या असतात. म्हणजे ज्या कॅसिनोचं नाव घेऊन १४ ग्रॅम विकले जातात, तिथलीच चिप त्याहून बरीच हलकी आहे.

मग हा आकडा आला कुठून? बाजारातल्या बहुतेक सेटमधली चिप एबीएस प्लास्टिकची असते. एबीएसची घनता पाण्याहून किंचितच जास्त. ३९ मिलिमीटर व्यासाची आणि ३.३ मिलिमीटर जाडीची चकती नुसत्या एबीएसची केली, तर तिचं वजन जेमतेम चार ग्रॅम भरतं. हातात घेतली की लहान मुलांचं खेळणं वाटावं अशी. म्हणून तिच्या पोटात लोखंडी चकती बसवतात. मी हिशेब करून पाहिला: एवढ्याच आकारात १४ ग्रॅम आणायचे तर आत सुमारे ११ ग्रॅम लोखंड घालावं लागतं. दर्जा म्हणून आपण ज्याचे जास्त पैसे देतो, ते हे लोखंड. फ्रिजवरचं चुंबक काढून चिपला लावा. चिकटलं, तर आत काय आहे ते कळलं.

आमच्या जुन्या सेटमधल्या दहा चिप्स मी सराफ्यात ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर तोलून घेतल्या. डब्यावर १४ छापलेलं होतं. दहांपैकी एकही दुसरीशी तंतोतंत जुळली नाही. वजन कमी भरलं हे दुःख नाही. दुःख हे की ज्या एका आकड्याच्या जोरावर सेट विकला, तोच आकडा कोणी सांभाळलेला नव्हता.

आपल्याला ही गोष्ट कॅरमवरून सहज समजायला हवी. स्ट्रायकर नियमाप्रमाणे १५ ग्रॅमच्या वर चालत नाही, आणि त्या मर्यादेच्या आतही जो तो आपल्या बोटाला बसेल तसा निवडतो. सगळ्यांत जड तोच चांगला, असं कॅरम खेळणारा कोणी म्हणणार नाही. चिपचं तसंच आहे. तिचं काम तीन गोष्टींचं: चवडीत सरळ उभी राहायची, ओल्या-कोरड्या बोटांतून निसटायची नाही, आणि टेबलाच्या पलीकडून आपली किंमत सांगायची. यांतलं एकही काम वजनाने होत नाही. पकड येते ती पृष्ठभागाच्या खरखरीतपणाने, चवड उभी राहते ती चिप सपाट असल्याने. एबीएसच्या चकचकीत चिप्स वीस-वीसच्या चवडीत रचून टेबलाला हलका धक्का द्या, आणि मग क्लेच्या वीस रचून तसाच धक्का द्या. फरक वेगळा सांगावा लागत नाही. शिवाय १४ ग्रॅमच्या ५०० चिप्स म्हणजे सात किलो, पेटीचं वजन वेगळं. कपाटाच्या वरच्या फळीवरून ती पेटी दर आठवड्याला कोण काढतं, हे त्या मजकूर लिहिणाऱ्याने विचारात घेतलेलं नाही. आमच्या घरी ती मी काढते.

आता ‘क्ले’ या शब्दाबद्दल. डब्यावर क्ले किंवा क्ले कंपोझिट लिहिलं म्हणजे आत माती असते असं नाही. हा शब्द प्लास्टिकच्या सेटवरही सर्रास छापला जातो. आणि खऱ्या क्ले चिपमध्येही निव्वळ माती नसते, तशी चिप ठिसूळ होऊन तुटेल. मातीसोबत खडूसारखी खनिजं आणि चिकटवणारे पदार्थ मिसळतात, आणि ते मिश्रण साच्यात तापवून मोठ्या दाबाखाली घट्ट करतात. कडेवर जे वेगळ्या रंगाचे पट्टे दिसतात, ते रंगवलेले नसतात. त्या जागी मूळ रंगाचा तुकडा कापून दुसऱ्या रंगाचा तुकडा बसवतात आणि दाबताना दोन्ही एकजीव होतात. म्हणून ते पट्टे झिजून निघत नाहीत. या पट्ट्यांचं काम शोभेचं नाही: चवड बाजूने पाहिली, तरी एखादी चुकीची चिप मध्ये शिरली असेल तर ती लगेच दिसते. कॅसिनोत छताच्या कॅमेऱ्याला दिसते आणि आमच्या दिवाणखान्यात अण्णांनाही दिसते. या प्रकारात पॉलसन या ब्रँडचं नाव सर्वांत मोठं, त्यांच्या चिपच्या कडेला टोपी आणि छडीची नक्षी असते.

खरी क्ले ओळखायची तर दोन चिप्स एकमेकींवर टाका. लोखंड भरलेली चिप टणटणते, क्लेचा आवाज दबका असतो. घरच्या खेळासाठी खरी क्ले परवडली नाही तर त्यात कमीपणा काहीच नाही. पण प्लास्टिक घेताय तर प्लास्टिक म्हणून, प्लास्टिकच्या भावात घ्या. माझा राग त्या शब्दावर घेतलेल्या जास्तीच्या पैशांवर आहे.

सिरॅमिक फुटते हे तर नावावरून बांधलेलं अनुमान आहे. चिनी मातीच्या कपाचा आणि या चिपचा काही संबंध नाही. ती एका कडक रेझिनची, म्हणजे प्लास्टिकच्याच कुळातली असते, वजन सुमारे १० ग्रॅम, आत लोखंड नाही. फरशीवर पडून फुटत नाही. तिचा मोठा गुण असा की चित्र आणि आकडा पृष्ठभागातच छापलेला असतो, वर चिकटवलेला नसतो. आमच्या पहिल्या सेटच्या मधल्या चकचकीत स्टिकरांनी दुसऱ्याच पावसाळ्यात कडा सोडल्या, आणि निम्म्या चिप्सची किंमत रंगावरून आठवावी लागायला लागली. सिरॅमिकचा खरा दोष वेगळाच आहे: काही चिप्स फार गुळगुळीत येतात. तो हातात घेतल्यावर कळतो.

पाच रंगांच्या शंभर-शंभर, हा सल्ला मला सगळ्यांत जास्त खटकला, कारण दिसायला तो नीटनेटका आहे आणि खेळात पहिल्या अर्ध्या तासात अडतो. आठ जण बसले आहेत असं धरा. चिप्सच्या किमती १, ५, २५ आणि १००. प्रत्येकाला सुरुवातीला २०० गुण द्यायचे. नीट खेळता यावं म्हणून एकेकाला १ च्या २०, ५ च्या १६ आणि २५ च्या ४ चिप्स लागतात: वीस, ऐंशी आणि शंभर, झाले दोनशे. आठ जणांचे मिळून १ च्या १६० आणि ५ च्या १२८ हव्यात, २५ च्या मात्र ३२ पुरतात. शंभर-शंभरच्या सेटमध्ये १ च्या चिप्स माणशी साडेबारा येतात. दर हाताला सुट्टे मागायची पाळी येते, आणि १०० च्या व पाचव्या रंगाच्या मिळून दोनशे चिप्स पेटीत झोपून राहतात. चारशेच चिप्स घ्या: १ च्या १६०, ५ च्या १४०, २५ च्या ६०, १०० च्या ४०. कोणी हरून पुन्हा बसलं, तरी यात भागतं.

कोणते रंग घ्यायचे याबद्दल त्या मजकुरात एक अक्षर नाही, आणि माझ्या मते ते वजनाच्या कितीतरी आधी यायला हवं. अमेरिकेत १ ची पांढरी, ५ ची लाल, २५ ची हिरवी, १०० ची काळी अशी रूढी आहे. पण लाल आणि हिरवा यांत फरक न कळणारे पुरुष दुर्मीळ नाहीत. माझे धाकटे दीर त्यांतले, आणि ते लग्नानंतर कित्येक वर्षांनी या टेबलावर कळलं. त्यामुळे आम्ही ५ साठी लाल ठेवली आणि २५ साठी गडद निळी घेतली. रंग फिका-गडद असाही वेगळा दिसला पाहिजे, कारण संध्याकाळचा पिवळा दिवा जांभळ्याला आणि काळ्याला एकच करून टाकतो. आणि आकडा मोठा, दोन्ही बाजूंना हवा. २५ च्या चिपला अण्णा पावली म्हणतात. चार पावल्यांचा रुपया हा हिशेब त्यांच्या हाडात आहे, म्हणून चार चिप्स देऊन शंभरची घेताना ते कधी चुकत नाहीत. पंचवीस पैशांचं नाणं २०११ च्या जूनअखेर बंद झालं, आमच्या टेबलावर ते अजून चालतं.

शेवटचा दावा कायद्याचा, आणि तो धोक्याचा आहे. चिप म्हणजे पैसा नाही हे अर्धंच खरं. २०१० च्या डिसेंबरात लास वेगासच्या बेलाजियो कॅसिनोतून एका दरोडेखोराने सुमारे १५ लाख डॉलरच्या चिप्स पळवल्या. कॅसिनोने पुढे २५,००० डॉलरची ती चिप चलनातूनच काढली. मुदतीनंतर ती नुसती चकती. म्हणजे चिपला किंमत असते ती मागे कोणीतरी पैसे द्यायला बसलेलं असतं म्हणून. तुमच्या घरी खेळ संपल्यावर चिप्सचे पैसे होत असतील, तर तो पैशांचाच खेळ आहे, मध्ये चकती आली म्हणून तो बदलत नाही. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा मध्य प्रदेशात राज्याच्या दुरुस्त्यांसह लागू आहे, आणि त्यात जुगाराचं साधन म्हणजे त्या खेळासाठी वापरलेली कोणतीही वस्तू. चिप त्यातच आली. घरमालक जागेचे किंवा साहित्याचे पैसे कापून घेत असेल, तर ते घर त्या कायद्यातल्या जुगारघराच्या व्याख्येत बसू शकतं. निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, पण पोकर त्यात मोडतो की नाही यावर न्यायालयांत एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवलं, हे बडोद्याच्या बहिणीला मी मुद्दाम कळवलं. आमच्याकडे चिप्सचे पैसे होत नाहीत. रात्री मोजणी होते आणि आकडे वहीत जातात.

मोठा सेट घेण्याआधी प्रत्येक रंगाच्या पाच-पाच चिप्स नमुना म्हणून मागवा. चुंबक लावा, वीसची चवड रचा, दिवा लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून रंग ओळखा. मग घरातल्या ज्या माणसाचा हात सर्वांत अशक्त आहे, त्याला त्या द्या. आम्ही तीन प्रकारचे नमुने अण्णांसमोर ठेवले होते. दोन त्यांनी बाजूला सारले, तिसऱ्याच्या सहा-सहाच्या चवडी केल्या आणि विचारलं, पत्ते कोण पिसतंय.