राजीनामा दिला म्हणून लिंक्डइन द्यायचं नसतं

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘नोकरीत असताना लिंक्डइनवर जोडलेले कॉन्टॅक्ट कंपनीच्या मालकीचे. सोडताना पासवर्ड द्या, नाहीतर ते कॉन्टॅक्ट उडवा, आणि नव्या नोकरीची पोस्टही टाकू नका.’ हे वाचून लोक खरंच घाबरलेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘कंपनीच्या वेळेत जोडले, म्हणून कंपनीचे.’ लिंक्डइनच्या अटी नेमकं उलटं सांगतात: तुम्ही आणि कंपनी यांच्यात प्रश्न आला, तर खातं तुमचं. (कंपनीने पैसे भरून दिलेली, रिक्रूटरसारखी (माणसं शोधून भरती करायची) लिंक्डइनची सेवा मात्र कंपनी काढून घेऊ शकते.) आणि पासवर्ड दुसऱ्याच्या हाती असला की काय होतं, ते अमेरिकेतल्या एडकॉम कंपनीच्या खटल्यात दिसलं. २०११ मध्ये तिथल्या एका संस्थापिकेला काढून टाकलं. तिचा पासवर्ड ऑफिसात माहीत होताच, तो बदलला गेला. तिच्या पानावर तिच्या जागी आलेल्या बाईंचं नाव आणि फोटो चढला, पुरस्कार मात्र तिचेच राहिले. तिचं नाव शोधणाऱ्याला समोर दुसराच चेहरा! २०१३ मध्ये कोर्टाने कंपनीने तिचं नाव परवानगीशिवाय वापरल्याचं मान्य केलं, पण भरपाई दिली शून्य, कारण नुकसानीचा आकडा तिला सिद्ध करता आला नाही. मला या निकालाची आजही चीड येते.

‘कॉन्टॅक्ट म्हणजे ग्राहकांची यादीच.’ यात थोडं तथ्य आहे. २००८ मध्ये इंग्लंडमध्ये हेज या भरती कंपनीच्या माजी कर्मचाऱ्याला लिंक्डइनवरच्या संपर्कांची कागदपत्रं उघड करावी लागली. पण आरोप काय होता? नोकरीत असतानाच कंपनीकडचे पत्ते स्वतःच्या खात्यात चढवून वेगळ्या धंद्याची तयारी केल्याचा. कोणाला काय दर दिला, कोणाचा करार कधी संपतो, ही माहिती कंपनीची. तिला हात लावू नका. अमुक माणूस अमुक ठिकाणी काम करतो, हे तर त्याने स्वतःच जगाला सांगितलेलं असतं.

‘नव्या नोकरीची पोस्ट म्हणजे माणसं फोडणं.’ नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या अपील कोर्टाने २०१७ मध्ये लिंक्डइनची साधी, ठरावीक मजकुराची आमंत्रणंसुद्धा जुने सहकारी फोडणं मानली नाहीत. एकेकाला गाठून ‘आमच्याकडे या’ लिहिलंत आणि करारात मनाई असली, तर मात्र अडकाल.

कंपनीचं पान आणि तिच्या नावाचं हँडल (सोशल मीडियावरचं खातं) बिनबोभाट परत करा. आणि शेवटच्या दिवसाआधी स्वतःच्या खात्यावरचा ऑफिसचा ईमेल काढून घरचा टाका. ऑफिसचा मेल बंद झाला, की पासवर्ड बदलायची लिंक तुमच्यापर्यंत पोचणार नाही.