‘दगडाला काय होतंय?’ विचारणाऱ्या संदेशाला उत्तर

कार्ले लेण्यांच्या सहलीच्या आदल्या रात्री भाच्याने मला एक फिरता संदेश पाठवला आणि खाली विचारले, “मामा, हे खरं आहे ना?” संदेशाचे म्हणणे असे : दोन हजार वर्षे टिकलेल्या दगडाला आपल्या हाताने काही होत नाही; पूर्वजांनीही लेण्यांत नावे कोरलीच होती, तेव्हा आपले नाव हा उद्याचा शिलालेखच; तेल-हळदीने दगड उलट मजबूत होतो; फ्लॅशबंदी थोतांड आहे; आणि वारसा आपलाच असल्याने आपल्याला अडवण्याचा अधिकार कोणाला नाही. मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि त्याच्या दप्तरात कर्कटक असते, म्हणून हा खटाटोप.

कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात, नावे आहेत, हे खरे. पण धेनुकाकट या प्राचीन नगरातील यवनांनी (त्या काळी ग्रीकांना व तशा परदेशी लोकांना यवन म्हणत) तेथे एकेक खांब दान दिला, तिथल्याच सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दरवाजाचे दान दिले, आणि त्या दानांची नोंद त्या त्या जागी कोरली गेली. तिकीट काढून आत आलेल्याने कोणता खांब दिला? संदेश लिहिणाऱ्याला आपला खरा पूर्वज हवाच असेल, तर तो अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात सापडेल : १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने तेथील चित्रावर आपले नाव आणि तारीख खरवडून ठेवली.

याहून घातक गोष्ट त्या लेखकाच्या गावीही नाही. हे जुने लेख ज्या ब्राह्मी लिपीत आहेत, तिच्यात उभी रेघ म्हणजे ‘र’, अधिकाचे चिन्ह म्हणजे ‘क’ आणि अनुस्वार म्हणजे नुसते टिंब; म्हणजे साधा ओरखडाही अक्षर वाटू शकतो. नाणेघाटातील सातवाहन राणीचा लेख आधीच इतका झिजला आहे की त्याच्या कित्येक ओळी अर्ध्यामुर्ध्याच वाचता येतात. त्यातील यज्ञदक्षिणेचे आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या संख्याचिन्हांत गणले जातात. अशा भिंतीवर कोणी अणकुचीदार खड्याने बदाम काढला, तर ताजी रेघ पांढुरकी दिसते, पण काही पावसाळ्यांत ती काळवंडते आणि मूळ रेघ कोणती, सहलीची कोणती, हे पुढच्या अभ्यासकाला ठरवणे अवघड होते. उद्याचा शिलालेख लिहिण्याच्या नादात कालचा पुसला जातो, तो असा.

तेल-हळदीबद्दल फार लिहावेसे वाटत नाही. सह्याद्रीचा बेसॉल्ट घट्ट असतो. तेल आत न मुरता बरेचसे वरच राहते आणि धूळ, काजळी धरते. पूजेतल्या मूर्तीचा प्रश्न वेगळा, परंतु एकवीरा आईचे देऊळ शेजारी आहे म्हणून चैत्यगृहाच्या खांबांना भंडारा फासावा, असे होत नाही.

फ्लॅशबाबत मात्र नाइलाजाने थोडे मान्य करतो. एका लखलखाटाने दगडाला काही होत नाही. अजिंठ्यात प्रश्न मातीच्या गिलाव्यावरील रंगांचा आहे आणि तेथेही सततचा उजेड, गर्दीच्या श्वासाची वाफ व घामट हात यांची धास्ती अधिक आहे. पण म्हणून भिंतीला टेकून उभे राहण्याची मुभा मिळत नाही.

राहिला अधिकाराचा मुद्दा. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय अधिनियमातील कलम ३० नुसार, २०१० च्या दुरुस्तीनंतर, संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पूर्वजांच्या वंशजांना त्यात सूट दिलेली मला आढळली नाही. हे कलम मी भाच्याला पाठवले, आणि कर्कटक त्याच रात्री बहिणीला सांगून दप्तरातून काढून ठेवायला लावले.