सहलीच्या तारखेवरून किलो ठरवू नका

मार्च सुरू झाला की माझ्याकडे येणाऱ्यांचं बोलणं तारखेपासून सुरू होतं. "मॅडम, बारा मेचं तिकीट आहे. तोपर्यंत दहा किलो उतरायलाच हवेत." कुणाला गोव्याला जायचं असतं, कुणाला तारकर्लीला, कुणाला व्हिएतनाम नाहीतर बालीला. काही जण तर एप्रिल उजाडल्यावर येतात. हातात महिनाच उरलेला असतो, आकडा मात्र तोच, दहा. मी नाशिकमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हा दहाचा आकडा कुठून आला हे विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही, आणि त्या आकड्यापायी माणसं, त्यातही बायका, स्वतःचे जे हाल करून घेतात ते मला बघवत नाहीत. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आधी हिशोब बघू. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. दहा किलोच्या झाल्या ७७,०००. तीस दिवसांत वाटल्या तर रोजच्या अडीच हजारांहून जास्त. घर आणि नोकरी सांभाळणारी, सत्तर-पंचाहत्तर किलो वजनाची, चाळिशीतली बाई दिवसभरात साधारण १८०० ते २००० कॅलरी खर्च करते. म्हणजे तिनं महिनाभर पाण्याशिवाय तोंडात काही घातलं नाही, तरी तिच्या अंगावरची दहा किलो चरबी जाणार नाही. इथे इच्छाशक्तीचा प्रश्नच येत नाही, मुळात गणितच बसत नाही. मी हे कागदावर मांडून दाखवते तेव्हा समोरची बाई बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहते. दर वेळी जमलं नाही म्हणून तिनं स्वतःला किती बोल लावलेले असतात!

आता तीच बाई रोज चारशे-पाचशे कॅलरींची तूट ठेवू शकली तर आठ आठवड्यांत तीन ते साडेतीन किलो उतरतात. वजन घटतं तसा शरीराचा खर्चही थोडा घटतो, म्हणून तीनच धरावेत. तीन म्हटलं की चेहरे पडतात. पण पंचाहत्तर किलो वजनाच्या माणसाचे पावणेचार किलो उतरले की ते पाच टक्के होतात, आणि वजन पाच टक्क्यांनी कमी झालं की रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) यांत फरक दिसायला लागतो. म्हणजे तीन किलो हा त्या वाटेवरचा बहुतेक सगळा टप्पा झाला. तो क्षुल्लक नाही.

"पण माझ्या मैत्रिणीचे सात दिवसांत तीन किलो गेले" हे वाक्य मला नेहमी ऐकू येतं, आणि ते खोटं नसतं. काट्यावर तीन किलो खरंच कमी दिसतात. आपल्या यकृतात आणि स्नायूंमध्ये मिळून चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठवलेलं असतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. भात, पोळी, भाकरी एकदम बंद केली की हा साठा वापरला जातो आणि ते पाणी लघवीवाटे निघून जातं. दीड-दोन किलो तिथेच गेले. जेवणातलं मीठ कमी झालं, पोट रिकामं राहिलं, त्याचे आणखी थोडे. यातली चरबी अगदी थोडी. म्हणूनच मालवणात पोचल्यावर पहिल्या दिवशी भात, सुरमई आणि सोलकढी पोटात गेली की दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा वर जातो, आणि बिचारीला वाटतं की एका जेवणानं सगळं वाया गेलं. वाया काही गेलेलं नसतं. पाणी गेलं होतं, ते परत आलं.

उपाशी राहण्याचं नुकसान मात्र खरं असतं, आणि ते सहल संपल्यावर समोर येतं. मार्च-एप्रिलमध्ये फक्त काकडी आणि ज्यूसवर काढलेल्या बायका जुलै-ऑगस्टमध्ये मूठमूठ केस गळतात म्हणून येतात. त्यांना वाटतं, पावसाळ्यामुळे गळतात, बोअरच्या पाण्यामुळे गळतात. शरीराला मोठा धक्का बसला की दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची सांगड कुणी घालतच नाही. फार झपाट्यानं वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. स्नायू झिजतात ते वेगळंच. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना मनानं जेवण बंद केलं तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते, माणूस बेशुद्धही पडू शकतो. ज्यांना औषधं चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक वेळचं जेवणसुद्धा कमी करू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आणखी एक गोष्ट, जी बायकांना कुणी सांगत नाही. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अंगात पाणी धरतं आणि वजन अर्धा ते दोन किलोंनी वाढलेलं दिसू शकतं. त्या दिवसांत काट्यावर उभं राहून रडायला आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. या महिन्यातल्या पाळीनंतरचं वजन पुढच्या महिन्यातल्या पाळीनंतरच्या वजनाशी ताडून बघा. रोजचा काटा खालीवर होणारच.

आता हातातल्या आठवड्यांकडे या. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि मार्च ते मे नीट बघा. गुढीपाडवा आहे, श्रीखंड-पुरी होणारच. मुलांच्या परीक्षा आहेत, म्हणजे आईची झोप कमी आणि चहा जास्त. एप्रिलपासून लग्नसराई, हळदीचं जेवण, लग्नाचं जेवण, सत्यनारायणाचा प्रसाद. नऊनंतर ऊन असं की बाहेर पाय टाकवत नाही. कागदावर आठ आठवडे असले तरी मनासारखे मिळतात पाच किंवा सहा. ध्येय या पाच-सहा आठवड्यांवरून ठरवायचं. उरलेल्या दोन-तीन आठवड्यांत वजन आहे तिथे राहिलं तरी काम झालं, असं मी स्पष्ट सांगते.

आणि आंबा! आपल्याकडे वजन उतरवायची घाई नेमकी आंब्याच्या दिवसांत सुटते. एप्रिल-मेमध्ये आंबा पूर्ण बंद करायला लावणारा तक्ता मला मान्य नाही. मध्यम आकाराच्या एका हापूसमध्ये साधारण शंभर कॅलरी असतात, एवढ्याच. आंब्याच्या नावावर बिल फाडलं जातं, पण वजन वाढतं ते दोन वाट्या आमरस, त्यात घातलेली साखर, सोबतच्या सहा-सात पुऱ्या आणि वर दुपारची झोप या सगळ्यानं मिळून. दुपारच्या जेवणात एक पोळी कमी करून एक आंबा चिरून खा. मधुमेह असेल तर किती खायचा ते आपल्या साखरेच्या आकड्यावरून डॉक्टरांशी बोलून ठरवा. वर्षातून जेमतेम दोन महिने मिळणारं फळ समोर असताना माणसानं खिन्न होऊन दुधीचा रस पिणं मला अन्यायाचं वाटतं.

चारशे-पाचशे कॅलरींची तूट येते कुठून, तर बहुतेक घरांत ताटाच्या आसपासच सापडते. दिवसाला तीन कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे जवळजवळ तीस ग्रॅम, सव्वाशेच्या आसपास कॅलरी. निम्मी करा, पंधरा दिवसांत जिभेला सवय होते. तेलाचा हिशोब तर घरोघरी करायलाच हवा. माणशी महिन्याला अर्धा लिटर धरलं तर चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा अडीच महिने पुरायला हवा. तुमच्याकडे किती दिवसांत संपतो, ते डब्यावर तारीख लिहून बघा. मी सांगते तेव्हा बायका आधी मानत नाहीत. मग तारीख लिहितात आणि फोन करतात. रात्रीचं जेवण साडेनऊ-दहाऐवजी आठला झालं की टीव्हीसमोरचा चिवडा आपोआप सुटतो. मटकीची उसळ, घट्ट वरण, अंडी, ताक, मासे यांतलं काही ना काही प्रथिनांसाठी प्रत्येक जेवणात हवं, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जास्त जातात. दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित की थोडं थोडं अनेकदा खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर, यावरून इथे पुष्कळ भांडणं झाली आहेत, मी त्यात पडत नाही. दोघांच्या पद्धतीनं नीट वागणारी माणसं मी पाहिली आहेत. सहलीपुरता आहार मात्र दोघांनीही सांगितलेला नाही.

चालण्याबद्दल थोडं थांबून सांगायचं आहे. माझं मत असं की सहलीआधीचं पहिलं ध्येय पायांचं असावं, किलोंचं त्याच्यानंतर. रायगडावर जाणार असाल तर हजाराहून जास्त पायऱ्या आहेत. राजस्थानातले किल्ले, दक्षिणेतली देवळं, परदेशातली शहरं, सगळीकडे दिवसाला आठ-दहा किलोमीटर सहज चालणं होतं. "आठ आठवड्यांत मला न थांबता पाच मजले चढता यावेत" हे ध्येय ठरवा. ते जमतंच जमतं, काट्यावर काहीही दिसो. सकाळी सहाला चालायला निघा, पंधरा मिनिटांपासून सुरुवात करा, आठवड्यातून दोनदा जिने चढा, खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठा-बसा. गुडघे दुखत असतील तर जिने सोडा, सपाटीवर चाला.

याला आधार आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीय स्त्री-पुरुषांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी आहार आणि चालणं सुधारलं त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांहून जास्त घटलं, आणि लक्षात घ्या, त्यांचं वजन फारसं कमी झालेलं नव्हतं. काटा हलला नाही तरी शरीरात आत काहीतरी बरं घडत असतं, हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. आपल्या लोकांसाठी बीएमआयची (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याची) मर्यादा २३ धरतात आणि बायकांसाठी कंबरेचा घेर ८० सेंटिमीटर, पुरुषांसाठी ९०. शिंप्याची टेप घरात असतेच. महिन्यातून एकदा कंबर मोजली तर काट्यापेक्षा जास्त कळतं.

मला आतून लागणारी गोष्ट वेगळीच आहे. कुठल्याही किनाऱ्यावर जा. पाण्यात मुलं असतात, नवरा असतो, दीर-नणंदा असतात, आणि वाळूत एक बाई सगळ्यांच्या चपला, मोबाइल आणि टॉवेल सांभाळत बसलेली असते. विचारलं तर म्हणते, "मला नाही आवडत पाणी." माझ्यासमोर बसल्यावर खरं सांगते: ओले कपडे अंगाला चिकटतात, लोक बघतात, मागच्या वेळी कुणीतरी फोटो पाहून बोललं होतं. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेल्या फोटोखाली "वहिनी, जरा कमी करा आता" असं लिहिणाऱ्यांना मला सांगायचं आहे की तुमच्या त्या एका ओळीमुळे एक बाई समुद्रापर्यंत जाऊनही कोरडी परत येते. तीन किलो उतरले असोत, एक उतरला असो, एकही उतरलेला नसो, तिनं पाण्यात जायलाच हवं. ढगळ टी-शर्ट आणि लेगिंग घालून जा, पण जा. फोटोत मधोमध उभ्या राहा. तुमच्या मुलांना पुढे हेच फोटो बघायचे आहेत.

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांबद्दलही हल्ली रोज विचारतात. मोंजारो आणि वेगोव्ही २०२५ मध्ये आपल्याकडे आली. ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी ती चांगली औषधं आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने घ्यायची असतात. पहिले चार आठवडे तर सगळ्यात कमी मात्रा असते, अंगाला सवय व्हावी म्हणून. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता यांची शक्यताही याच दिवसांत जास्त. सहलीला महिना उरला असताना ओळखीच्या कुणाकडून इंजेक्शनचं पेन मिळवून टोचून घेणं धोक्याचं आहे. तसं करू नका.

सहलीला गेल्यावर खा. कोकणात गेलात तर मासे खा, मोदक खा, घावणे खा. दिवसभर चालणं होतं, त्यामुळे वाटतं तितकं वजन वाढत नाही. फक्त हॉटेलातला नाश्ता फुकट आहे म्हणून पोट तडस लागेपर्यंत भरू नका आणि पाणी पीत राहा.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी काट्यावर उभं राहू नका. प्रवास, बाहेरचं मीठ, जागरण यांमुळे तो आकडा खरा नसतो. आठवडाभर नेहमीचं जेवण आणि चालणं होऊ द्या, मग वजन करा. एखादा किलो वाढलेला असेल तर घाबरायचं कारण नाही, जूनमध्ये पुन्हा तोच चारशे-पाचशे कॅलरींच्या तुटीचा हिशोब सुरू करायचा. पण नाशिकचा पाऊस लागला की सकाळचं चालणं बंद पडतं आणि ते दसऱ्यापर्यंत सुरूच होत नाही, असं मी दर वर्षी बघते. त्यामुळे सोसायटीचा जिना, ऑफिसचा लांब पॅसेज, जवळचं झाकलेलं मैदान, जे काही असेल ते सहलीला निघायच्या आधीच बघून ठेवा.